प्रस्तावना : गैरहजर एक्स्टेन्शनचा तपास

पीएचपी या भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्रॅम, जो कालपर्यंत एका संगणकावर विनातक्रार चालत होता, तोच आज दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवताच डेटाबेसशी गाठ पडण्यापूर्वीच अडतो आणि पडद्यावर एका ओळीचा इंग्रजी मजकूर उमटवून स्तब्ध होतो, हा प्रकार वेबचे काम करणाऱ्यांच्या इतका परिचयाचा आहे की त्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारावे. या मजकुराची रूपे मोजकीच आहेत. मायएसक्यूएलआय-कनेक्ट हे फंक्शन अस्तित्वात नाही, हे पहिले. मायएसक्यूएलआय नावाचा क्लास सापडला नाही, हे दुसरे. ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’ हे तिसरे. आणि वर्डप्रेसवर संकेतस्थळ चालवणाऱ्यास दिसणारे, आपल्या पीएचपीच्या मांडणीत मायएसक्यूएलचे एक्स्टेन्शन आढळत नाही असे सौजन्याने कळवणारे, चौथे. या सर्वांचा इत्यर्थ एकच असतो : डेटाबेसशी व्यवहार करण्यासाठी पीएचपीला जो जोडभाग लागतो तो, ज्या क्षणी त्याची गरज पडली त्या क्षणी, तिच्यापाशी हजर नव्हता.

या तक्रारीवरील रूढ उपायही एका ओळीचा आहे. पीएचपी डॉट आयएनआय या मांडणीच्या फाइलमध्ये त्या एक्स्टेन्शनचे नाव असलेली ओळ शोधावी, तिच्या आरंभीचा अर्धविराम काढून टाकावा, फाइल जतन करावी आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा. उपाय खरा आहे. आणि तरीही तो केल्यावर पुष्कळदा काहीच बदलत नाही. मग तोच अर्धविराम दुसऱ्या फाइलमधून काढला जातो, पॅकेज काढून पुन्हा बसवले जाते, संगणक बंद करून चालू केला जातो, आणि अखेरीस यांपैकी नेमक्या कोणत्या कृतीने काम झाले हे न कळताच प्रोग्रॅम चालू लागतो किंवा चालत नाही. माझ्या मते या साऱ्या हेलपाट्यांचे मूळ उपायाच्या चुकीत नसून तो कोठे करावयाचा याच्या अज्ञानात आहे. एक्स्टेन्शन बहुधा नाहीसे झालेले नसते; ते एका पीएचपीच्या पदरी असते आणि मागणी दुसऱ्याच पीएचपीकडे केलेली असते. म्हणून ‘एक्स्टेन्शन कोठे आहे?’ या प्रश्नाच्या आधी ‘या पानाला उत्तर देणारी पीएचपी कोणती?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, एवढे एकच प्रतिपादन या पुस्तिकेत आहे, आणि पुढील सर्व प्रकरणे म्हणजे त्याचा विस्तार आहे.

हे समजण्यास पीएचपीची घडण थोडी पाहिली पाहिजे. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली स्वतःच्या वैयक्तिक वेबपानांसाठी रचलेली काही साधने सार्वजनिक केली, तेव्हा त्यांतून पुढे अर्धे वेबविश्व व्यापणारी भाषा निघेल अशी कल्पना कोणी केली नव्हती. तिला आजचे रूप येण्यास आरंभ झाला तो १९९८ मध्ये, आंदी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी नव्याने लिहिलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून. आणि त्या आवृत्तीचे मोठे सामर्थ्य हे की भाषेचा गाभा आटोपशीर ठेवून डेटाबेस, चित्रे, टपाल इत्यादींशी संबंध जोडणारी कार्ये बाहेरच्या जोडभागांकडे सोपवण्याची व्यवस्था तीत होती. एक्स्टेन्शन ते हेच. त्यांपैकी काही पीएचपी बांधतानाच तिच्यात विलीन केलेली असतात. उरलेली लिनक्सवर डॉट एसओ आणि विंडोजवर डॉट डीएलएल अशा स्वतंत्र फाइलींच्या रूपाने तबकडीवर पडून असतात, आणि पीएचपी सुरू होताना मांडणीच्या फाइलमधील हुकुमानुसार स्मृतीत आणली जातात. फाइल असणे ही एक गोष्ट, तिच्याविषयीचा हुकूम असणे ही दुसरी, आणि त्या हुकुमाची प्रत्यक्ष अंमलबजावणी झालेली असणे ही तिसरी. तिन्ही एकत्र आल्याखेरीज एक्स्टेन्शन हजर झाले असे म्हणता येत नाही.

मायएसक्यूएलच्या एक्स्टेन्शनपुरते बोलावयाचे तर त्याच्या गैरहजेरीला एक इतिहासही आहे, आणि तो ठाऊक नसल्याने जुन्या प्रोग्रॅमांचे वारसदार आजही अडचणीत येतात. पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत मायएसक्यूएलचे ग्राहक-ग्रंथालय भाषेबरोबरच येई आणि आपोआप चालू असे. त्यामुळे हा जोडभाग वेगळा आहे याची जाणीवच एका संपूर्ण पिढीला झाली नाही. मायएसक्यूएलच्या स्वीडिश कंपनीने मधल्या काळात या ग्रंथालयाचा परवाना बदलून अधिक कडक केला. तो पीएचपीच्या परवान्याशी जुळेना. कंपनीने पुढे मुक्त प्रकल्पांसाठी अपवादाची सवलत दिली खरी, परंतु जुलै २००४ मध्ये पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली ती हे ग्रंथालय बरोबर न घेता, आणि एक्स्टेन्शनचा आपोआप चालू राहण्याचा शिरस्ता मोडून. ‘कालपर्यंत चालत होते’ ही तक्रार मोठ्या प्रमाणावर प्रथम ऐकू आली ती तेव्हा. त्याच आवृत्तीने मायएसक्यूएलआय हे नवे एक्स्टेन्शन आणले, पुढच्या वर्षी ५.१ बरोबर पीडीओ आले, आणि २००९ च्या ५.३ आवृत्तीत मायएसक्यूएलएनडी हा पीएचपीच्याच परवान्याखालील स्वतःचा ड्रायव्हर येऊन परक्या ग्रंथालयावरील अवलंबन संपण्याची सोय झाली. जुने मूळ एक्स्टेन्शन २०१३ मध्ये ५.५ आवृत्तीत त्याज्य ठरवले गेले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७.० आवृत्तीतून ते काढूनच टाकण्यात आले.

यास्तव तपासाची पहिली पायरी म्हणजे त्रुटीच्या मजकुरातील नाव अक्षरशः वाचणे. फंक्शनचे नाव नुसते मायएसक्यूएल-कनेक्ट असे असेल आणि पीएचपी सातवी किंवा त्यापुढची असेल, तर अर्धविराम शोधण्यात अर्थ नाही. जे एक्स्टेन्शन भाषेतून हद्दपार झाले ते कोणत्याही फाइलमधील ओळीने परत येत नाही, आणि येथे दुरुस्ती प्रोग्रॅमलाच करावी लागते. नावाच्या मध्यभागी ‘आय’ हे एक अक्षर असेल तर मात्र प्रश्न खरोखरच गैरहजेरीचा आहे. तिसरा मजकूर, ड्रायव्हर सापडत नसल्याचा, आणखी सूक्ष्म आहे. पीडीओ ही सर्व डेटाबेसांसाठी एकच असलेली वरची यंत्रणा. तिच्याखाली मायएसक्यूएलसाठी एक, पोस्टग्रेएसक्यूएलसाठी दुसरा, एसक्यूलाइटसाठी तिसरा असे निरनिराळे ड्रायव्हर बसवावे लागतात. हा मजकूर येतो तेव्हा पीडीओ जागेवर असते. उणीव असते ती तिच्याखालच्या विशिष्ट ड्रायव्हरची. वर्डप्रेस मायएसक्यूएलआयचा आधार घेते आणि लाराव्हेल पीडीओचा. सबब एकाच सर्व्हरवर लाराव्हेलचा प्रकल्प सुरळीत चालावा आणि शेजारचे वर्डप्रेस एक्स्टेन्शन नसल्याची तक्रार करीत राहावे, यात विसंगत असे काहीही नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. एका संगणकावर पीएचपी एकच असते ही समजूत आपण इतक्या सहज बाळगतो की तिची तपासणी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुस्थिती अशी की टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन चालवली जाणारी पीएचपी निराळी, अपाची सर्व्हरच्या पोटात मॉड्यूल म्हणून बसलेली निराळी, आणि एनजिनएक्सच्या मागे उभी राहून एफपीएम या नावाने काम करणारी निराळी. शिवाय या प्रत्येकीच्या दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्या एकाच यंत्रावर सुखाने नांदू शकतात. डेबियन लिनक्सवर ८.२ आवृत्तीच्या मांडणीचे दप्तर उघडले, तर सीएलआय, अपाची-२ आणि एफपीएम अशा तीन कप्प्यांत तीन स्वतंत्र पीएचपी डॉट आयएनआय फाइली दिसतात. एका गावच्या जमिनीची नोंद दुसऱ्या सजाच्या तलाठ्याकडे मागितली तर ती मिळत नाही, म्हणून जमीन नाहीशी झाली असे कोणी शेतकरी मानीत नाही; तो योग्य दप्तराची चौकशी करतो. प्रोग्रॅमरने मात्र टर्मिनलमधील पीएचपीला विचारून मायएसक्यूएलआय हजर असल्याचा दाखला मिळवावा आणि तो दाखला ब्राउझरमधील पानाला लागू समजावा, असे नित्य घडते.

योग्य दप्तराची चौकशी करण्याचे साधन पीएचपीनेच दिले आहे. ज्या निर्देशिकेत अडलेले पान आहे तेथेच पीएचपी-इन्फो हे एकच फंक्शन असलेले एक पान ठेवून ते ब्राउझरमधून उघडले, की उत्तर देणारी पीएचपी आपली आवृत्ती, आपले सर्व्हर-रूप, प्रत्यक्ष वाचलेल्या मांडणीच्या फाइलचा संपूर्ण पत्ता, त्यासोबत वाचलेल्या पूरक फाइलींची यादी आणि एक्स्टेन्शने ज्या निर्देशिकेतून घेतली ती निर्देशिका, एवढे सर्व स्वमुखाने सांगते. ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ या शीर्षकापुढे ‘नन’ असे लिहिलेले असेल, तर आपण ज्या फाइलमध्ये श्रमपूर्वक बदल केला ती कोणी वाचलेलीच नाही, हे तत्क्षणी कळते. टर्मिनलमधील पीएचपीसाठी हीच चौकशी ‘पीएचपी --आयएनआय’ आणि ‘पीएचपी -एम’ या दोन आज्ञांनी होते. परंतु त्यांचे उत्तर टर्मिनलपुरतेच प्रमाण मानावे. काम होताच पीएचपी-इन्फोचे पान मात्र निरपवादपणे काढून टाकावे, कारण आपल्याला उपयोगी पडणारा हा सारा तपशील सर्व्हरवर डोळा ठेवून असलेल्या परक्या माणसासही तितकाच उपयोगी पडतो.

योग्य फाइल सापडल्यानंतरची चौकशी तुलनेने सरळ आहे, तथापि विंडोजवर तीतही काही खाचखळगे आहेत. पीएचपीची संकुचित फाइल उतरवून घेतली असता तीत पीएचपी डॉट आयएनआय नसतेच. विकासासाठी एक आणि प्रत्यक्ष वापरासाठी एक असे दोन नमुने असतात, व त्यांपैकी एकाची प्रत करून तिला ते नाव द्यावे लागते. नोटपॅडने त्या नावापुढे गुपचूप टीएक्सटीचे शेपूट जोडले आणि विंडोजने ते दाखवले नाही, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही पीएचपीच्या लेखी ती नसते. एक्स्टेन्शनची निर्देशिका सांगणारी ओळही त्या नमुन्यात अर्धविरामाआड निष्क्रिय असते; ती चालू केल्याशिवाय एक्स्टेन्शनच्या नावाची ओळ चालू करणे बहुधा व्यर्थ. पूर्वी त्या ओळीत डीएलएल फाइलचे संपूर्ण नाव लिहावे लागे, ७.२ आवृत्तीपासून नुसते मायएसक्यूएलआय एवढे लिहिले तरी पुरते. आणि या साऱ्यांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे फाइल व पीएचपी यांची जात जुळण्याची अट. चौसष्ट बिटांच्या पीएचपीला बत्तीस बिटांची फाइल चालत नाही. थ्रेड-सेफ बांधणीला नॉन-थ्रेड-सेफ बांधणीची चालत नाही. आणि एका आवृत्तीसाठी बांधलेली दुसऱ्या आवृत्तीला चालत नाही, कारण प्रत्येक आवृत्तीचा एक्स्टेन्शनांशी ठरलेला करार एका अंकाने ओळखला जातो. ८.१ साठी तो अंक २०२१०९०२ असा आहे आणि ८.२ साठी २०२२०८२९. हे अंक जुळले नाहीत तर पीएचपी ते एक्स्टेन्शन नाकारते, परंतु नकाराचे कारण बहुधा सर्व्हरच्या नोंदवहीत लिहून मोकळी होते. पानावर उमटतो तो केवळ परिणाम. म्हणूनच पानावरील मजकुराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, नोंदवहीचे वाचन महत्त्वाचे आहे.

लिनक्सवर हा जातीचा प्रश्न पॅकेज-व्यवस्था सोडवते, पण आवृत्तीचा प्रश्न शिल्लक राहतो. डेबियनच्या कुळात मायएसक्यूएलआय आणि पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर ही दोन्ही पीएचपी-मायएसक्यूएल या एकाच पॅकेजमध्ये येतात, रेड हॅटच्या कुळात पीएचपी-मायएसक्यूएलएनडी या पॅकेजमध्ये. वेबसाठी ८.१ राबत असताना ८.२ चे पॅकेज बसवले, तर बसवण्याची क्रिया यशस्वी झाल्याचा निर्वाळा मिळतो, टर्मिनलही साक्ष देते, आणि पान पूर्ववत अडलेलेच राहते. डॉकरच्या अधिकृत पीएचपी प्रतिमेत हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे दिसते : तेथील पीएचपी स्वतंत्रपणे बांधून यूएसआर-लोकलखाली ठेवलेली असल्यामुळे डेबियनची तयार पॅकेजेस तिच्या कामाची नसतात, आणि मायएसक्यूएलआय किंवा पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर हवा असल्यास प्रतिमेसोबत येणाऱ्या डॉकर-पीएचपी-ईएक्सटी-इन्स्टॉल या साधनाने तो तेथेच बांधून घ्यावा लागतो. आणि बदल कोठेही केला तरी पीएचपी मांडणीची फाइल आरंभी एकदाच वाचते. तेव्हा एफपीएम राबत असेल तर एनजिनएक्स नव्हे, एफपीएम पुन्हा सुरू केले पाहिजे. येथेही प्रश्न तोच : उत्तर देणारी कोण?

काही तक्रारी गैरहजेरीच्या तक्रारीसारख्या भासतात, पण त्या वेगळ्या खात्याच्या असतात, हेही आरंभीच सांगून ठेवलेले बरे. जोडणी नाकारल्याचा किंवा वापरकर्त्यास मज्जाव केल्याचा मजकूर आला, तर एक्स्टेन्शन हजर आहे याचा तो पुरावाच समजावा. कारण डेटाबेसपर्यंत जाऊन नकार घेऊन येणारे कोणीतरी असल्याखेरीज नकार कळणार कसा? यजमानाचे नाव ‘लोकलहोस्ट’ दिले असता लिनक्सवर पीएचपी नेटवर्कऐवजी सॉकेटची फाइल शोधते, आणि ती न मिळाल्यास ‘अशी फाइल किंवा निर्देशिका नाही’ असे सांगते. हे वाचून एक्स्टेन्शनची फाइल हरवली असे समजणारे पुष्कळ आहेत. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीने २०१८ मध्ये परवलीच्या शब्दाची पडताळणी करण्याची मूळ पद्धत बदलली, आणि ती नवी पद्धत ठाऊक नसलेली जुनी पीएचपीही अपरिचयाची तक्रार करू लागली. आणि मराठी मजकुराऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर डेटाबेसशी बोलणे व्यवस्थित चालू आहे, फक्त जोडणीचा किंवा तक्त्याचा अक्षरसंच चुकला आहे. या चारही प्रकारांत पीएचपी डॉट आयएनआयमधील एक्स्टेन्शनच्या ओळींना हात लावण्याचे कारण नाही.

हद्दपार झालेल्या जुन्या एक्स्टेन्शनवर विसंबलेल्या प्रोग्रॅमांचे काय करावे, याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोन सोपे मार्ग सुचतात आणि दोन्ही टाळावेत असे माझे मत आहे. पहिला मार्ग जुनी पीएचपी परत आणण्याचा. तो काम चालवतो, पण जिच्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या केव्हाच थांबल्या आहेत अशा आवृत्तीच्या हवाली लोकांची माहिती करतो. दुसरा मार्ग प्रत्येक फंक्शनच्या नावात एक ‘आय’ घालून मोकळे होण्याचा; तो फसतो, कारण जुन्या क्वेरी-फंक्शनला आधी प्रश्न व मग ऐच्छिक जोडणी दिली जात असे, तर नव्यात जोडणी आधी आणि ती देणे बंधनकारक आहे. शिवाय वापरकर्त्याने दिलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात तसाच गुंफण्याची जुनी सवय त्या मार्गाने जिवंत राहते, आणि ज्या इंजेक्शनच्या धोक्यामुळे पूर्वरचित विधानांचा पुरस्कार झाला तो धोका कायम राहतो. परिश्रम करावयाचेच आहेत तर ते एकदाच आणि योग्य दिशेने करावेत.

गैरहजेरी मुळात उद्भवूच नये यासाठीही थोडी तजवीज करता येते. प्रकल्पाच्या कंपोझर-फाइलमध्ये लागणारी एक्स्टेन्शने ‘ईएक्सटी’ या उपसर्गासह नोंदवून ठेवली, तर ती नसलेल्या यंत्रावर कंपोझर काम सुरू होण्यापूर्वीच हरकत घेतो. ही हरकत गैरसोयीची वाटून यंत्राच्या अटी दुर्लक्षिण्याचा पर्याय देऊन ती बाजूस सारणारे आहेत. त्यांनी तक्रार मिटवलेली नसते, ती केवळ ग्राहकाच्या ब्राउझरपर्यंत तहकूब केलेली असते. मात्र कंपोझर स्वतः टर्मिनलमधील पीएचपीखाली चालतो, म्हणून त्याचा होकारही वेबच्या पीएचपीला आपोआप लागू होत नाही, एवढे भान वाचकाने येथेही राखावे.

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली आहे ते वाचक मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. महाविद्यालयात झॅम्पसारख्या तयार गठ्ठ्यावर पीएचपी शिकलेले विद्यार्थी, ज्यांना मायएसक्यूएलआय त्या गठ्ठ्यात आधीच चालू मिळाल्यामुळे ते वेगळे बसवावे लागते हे पहिल्या नोकरीत प्रथमच कळते. आणि संस्थेचे, ग्रंथालयाचे किंवा लहान व्यवसायाचे संकेतस्थळ सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्या अंगावर येऊन पडली आहे असे गृहस्थ, ज्यांना प्रोग्रॅमर होण्याची हौस नाही पण स्थळ बंद पडून चालत नाही. पहिल्यांनी प्रकरणे क्रमाने वाचावीत. दुसऱ्यांनी त्रुटींच्या मजकुरांचे पहिले प्रकरण वाचून आपला मजकूर ओळखावा, पीएचपी-इन्फोच्या प्रकरणातील कृती करावी, आणि मग विंडोज, लिनक्स वा डॉकर यांपैकी आपल्याला लागू असलेले एकच प्रकरण पाहावे. भाड्याच्या सर्व्हरवर मांडणीची फाइल बदलण्याचा अधिकार आपल्या हाती नसतो. तेथे नियंत्रण-फलकातून आवृत्ती व एक्स्टेन्शने निवडण्याची सोय पाहावी, आणि ती नसल्यास चालकाला पत्र लिहावे. ते पत्र ‘साइट चालत नाही’ एवढेच सांगणारे नसावे. त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा, उत्तर देणाऱ्या पीएचपीची आवृत्ती व सर्व्हर-रूप, वाचलेल्या मांडणी-फाइलचा पत्ता आणि हव्या असलेल्या एक्स्टेन्शनचे नाव, एवढ्या चार बाबी त्यात असल्या, तर तपासाचा मोठा भाग आपणच केलेला असतो, आणि पलीकडच्या माणसाला फक्त अंमलबजावणी करावयाची उरते.